तिसऱ्या वळणावरचा दोष

सुनेत्रा नेहमीसारखी तिसऱ्या वळणापाशी हात जोडून उभी राहिली. इथेच तिचा नवरा शर्यतीच्या गाडीसकट जळाला होता. तेव्हापासून तिचा दीर अमोघ दर फेरीला इथे आला की ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलायचा. बाकीचे सुसाट जायचे. गेल्या महिन्यात संघातल्या शहाण्यांनी सगळ्यांची वळणं संगणकावर ताडून पाहिली आणि अमोघच्या मेंदूतला तेवढा ‘दोष’ यंत्राने पुसून टाकला.

आज त्याच्या गाडीचा आवाज एकदाही खाली आला नाही.

शर्यत जिंकून अमोघ धावत आला. “वहिनी, पाहिलंत? एवढं सोपं वळण! इतकी वर्षं मी इथे कशाला कचरायचो, देव जाणे!”

सुनेत्राने जोडलेले हात सोडवले आणि चारचौघांसारख्या टाळ्या वाजवल्या.