गुरुवारचा आकडा

"गेल्या गुरुवारी चाळीस होता," इमॅन्युएल सर म्हणाले. "आज किती?"

दीपाने कॉम्प्युटरवरच्या पानाच्या तळाशी बघितलं. काळ्या चौकटीत हिरवे आकडे. एक्केचाळीस.

"म्हणजे हेलननं वाचलं," म्हणत सरांनी पिशवीतून बातम्यांचा कागद काढला.

राहात्यात दीपाच्या एसटीडी बूथमध्ये दोन कॉम्प्युटर होते आणि इंटरनेट होतं, म्हणजे लाईन लागली तर होतं. पुणतांब्याच्या या निवृत्त मास्तरांनी तिच्याकडून एक फुकटातलं पान बनवून घेतलं होतं. ते जगात कुणालाही वाचता येत होतं. जगाला अजून सवड झाली नव्हती. मराठी अक्षरं उमटत नसल्याने दीपा बातम्या इंग्रजी अक्षरांत टाईप करी, आणि उभा जन्म ऱ्हस्वदीर्घासाठी छड्या मारलेले सर ते मुकाट सोसत.

हेलन आठ वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न करून परदेशी गेली. "पत्र टाकलंस तर फाडून टाकीन," असं सरच म्हणाले होते. मुलगी बापाचं ऐकणारी. तिने टाकलं नाही. गेल्या नाताळात सरांनी तिचा पत्ता मिळवून कार्ड पाठवलं. त्यावर फक्त या पानाचा पत्ता होता. उत्तर आलं नाही. पान किती वेळा उघडलं गेलं ते सांगणारा तळाचा आकडा मात्र दर गुरुवारी एकाने वाढू लागला.

तो का वाढतो, याबद्दल दीपाच्या मनात शंका नव्हती. आठवड्यातून एकदा ते पान तीच उघडत होती. बातम्या चढवल्या की लगेच लाईन बंद. सांगायला जीभ रेटत नव्हती, एवढंच.

पण काल सरांचा मुलगा जॉर्ज येऊन गेला. "नगरला डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. तारीख गुरुवारची. तर म्हनत्यात, गुरुवार चुकला तर ती वाट बघंल. दुसरा डोळाबी चाललाय, ताई. आता तुमीच सांगा."

"लिही," सर म्हणाले. "सूर्यभानच्या म्हशीला रेडकू झालं. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी आलं, तोटी चोरीला गेली. चर्चमागची चिंच लई लागलीय. खायला कुणी नाही."

दीपाने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"सर, हेलनताई वाचत नाहीत. पान उघडलं की आकडा वाढतो. अन् उघडतो आपणच."

"तू करून पाहिलंस?"

"आता दाखवते. परत उघडलं की बेचाळीस होतील. मग जाल ऑपरेशनला?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले.

"जाईन."

दीपाने पान बंद करून पुन्हा उघडलं. ते वरून एकेक ओळ करत सावकाश उतरलं. तळाचे आकडे उमटले. ती उठली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन तेच पान तिथे उघडलं.

"झाले का बेचाळीस?" सरांनी विचारलं. त्यांना दोन्हीकडचं दिसत नव्हतं.

दोन्हीकडे एक्केचाळीसच होते.