कमरेच्या वर

"मास्क काढ, पोरी," ऑर्व्हिल टॅकाबेरी ध्वनिक्षेपकावरून म्हणाला. "तुझ्या आजोबांसारखी उघड्या तोंडानं उभी राहा. मी एक फटका मारतो, फोटो काढतात, झालं!"

स्टँडमधले लोक खूश होऊन पाय आपटू लागले. मुलींचा सामना सुरू व्हायला अजून अवकाश होता. आज आइस हॉकी क्लबचा जुन्या खेळाडूंचा दिवस होता, आणि जुने दिवस म्हटले की ओंटारिओच्या उत्तरेकडल्या या निकेलच्या खाणीच्या गावाला पान्हा फुटतो. जुना गोली, म्हणजे गोलरक्षक, आर्मास कोस्केला याची तपकिरी जर्सी नुकतीच वाजतगाजत छताला टांगली होती. आर्मास स्वतः खाली, बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावर, खुर्चीत बसला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे जर्सीकडे बघत होते.

गोलात त्याची नात टेसा उभी होती. आजच्या संघाची गोली तीच.

"काय ते गोली होते!" काठी धरून बर्फावर उभ्या, ऐंशीला टेकलेल्या ऑर्व्हिलला चेव चढला. तोही क्लबचा जुना खेळाडू. "मास्क नाही, काही नाही. आर्मासचा डावा डोळा गेला, तरी बर्फ वितळायच्या आत पठ्ठ्या पुन्हा गोलात! आणि हल्लीचे? गाद्या-उशा बांधून उभे राहतात, वर नख दुखलं की डॉक्टर!"

लोक हसले. टेसाचे कान तापले. असली बोलणी ती कळायला लागल्यापासून ऐकत होती, दुकानात, शाळेत, चर्चच्या पायरीवरसुद्धा. तिनं हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि मास्क काढून जाळीवर ठेवला.

"टेसा, घाल तो." आर्मास उठला होता.

"राहू दे आजोबा. एकदाची तोंडं बंद होऊ देत यांची."

"घाल म्हणतो ना!"

तो बूट घसरवत बर्फावरून निघाला. उजव्या डोळ्यातही आता मोतीबिंदू पिकला होता. नातीचे सामने तो काठीचा फटका आणि फळीवर आदळणारी रबरी चकती, यांच्या आवाजावरच बघायचा. चाचपत त्यानं गोलाचा खांब गाठला आणि ऑर्व्हिलच्या दिशेनं तोंड केलं.

"हा डोळा कुणाच्या फटक्यानं गेला, ते सांग की तिला. जन्मभर भाषणं ठोकतोयस. तेवढंच कसं राहून जातं रे दर वेळी?"

ऑर्व्हिलनं घाईघाईनं ध्वनिक्षेपक बंद केला. "आर्मास, आज नको. लोक बघतायत."

"समोरच्या संघातला होता कुणी?" टेसानं विचारलं.

"समोरचा संघ आतच होता, कपडे बदलत. आमचा सामन्याआधीचा सराव चालला होता. आपल्याच गोलीला सरावात कमरेच्या वर कुणी मारत नाही, पोरी. काल स्केटवर उभं राहिलेलं पोरगंही मारत नाही. यानं मारला. का, तर कठड्यापाशी एक मुलगी बघत होती!"

"चुकून वर गेला तो!"

"चुकून गेला असता, तर दवाखान्यात भेटायला आला असतास."

टेसा ऑर्व्हिलच्या तोंडाकडे बघत राहिली. वर स्टँडमध्ये कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. लोक कंटाळले होते, "मार! मार!" करत होते.

"हो बाजूला," आर्मास टेसाला म्हणाला. तिच्या हातातली काठी त्यानं ओढूनच घेतली आणि गोलासमोर वाकून उभा राहिला. "उघडं तोंड हवंय ना तुला, ऑर्व्हिल? हे घे. मार. तेव्हा मारलास तसाच. वर."

"आर्मास! आर्मास!" लोकांनी ताल धरला. त्यांना वाटलं, हे सगळं ठरवूनच चाललंय. दुसऱ्याच्या डोळ्यावर शूर व्हायला काय जातंय कुणाचं!

ऑर्व्हिलनं काठी खांद्यापर्यंत मागे नेली. समोर ते तोंड होतं. डावी पापणी खोबणीवर मिटलेली, भुवईपासून गालापर्यंत टाक्यांचा वण. इतकी वर्षं भाषणं करूनही त्यानं ते तोंड इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मग काठी हळूहळू खाली आली आणि त्यानं चकती नुसती पुढे ढकलली, रांगत्या मुलाकडे चेंडू सोडावा तशी. आवाजसुद्धा झाला नाही. चकती सरकत सरकत आर्मासच्या डावीकडून गोलात गेली आणि जाळीला टेकून थांबली.

स्टँडमधलं पाय आपटणं बंद पडलं.

आर्मास वाकलेलाच होता. काठी घट्ट धरून, तोंड पुढे करून, फटक्याच्या आवाजाकडे कान देऊन.

"मार की रे!" तो ओरडला. "घाबरलास का?"

टेसानं मास्क चढवला, पट्टा आवळला आणि ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"मार," आर्मास म्हणाला. "मी उभा आहे."