दारात ऊस

"आज तरी 'ऊन' म्हण," रेहानानं वैजयंताला बजावलं.

नर्सिंगच्या वसतिगृहात असल्यापासून आम्हा तिघींना ओवी कारखानीसची सगळी गाणी पाठ होती. 'तू येशील तेव्हा दारात ऊन असेल' ही ओवीनंच लिहिलेली ओळ. तासगावची वैजयंता मात्र तिथं कायम 'ऊस' म्हणायची. आम्ही दोघी वीस वर्षं तिला त्यावरून चिडवत होतो.

आज ओवी पहिल्यांदाच समोर गात होती आणि आम्ही पहिल्या रांगेत होतो. नेमक्या त्या ओळीला तिनं वाकून माइक वैजयंतासमोर धरला. वैजयंता जीव ओतून गायली, "दारात ऊस असेल!"

सभागृह हसलं. वैजयंतानं ओढणीत तोंड लपवलं. मला वाटलं, आता ही रडणार.

"काय म्हणालात?" ओवीनं विचारलं.

"चुकलं ताई. आमच्या दारात ऊसच असतो."

ओवी गिटार सावरत खळखळून हसली. "मग ऊसच बरा. उन्हानं कुणाचं तोंड गोड झालंय?"

तिनं ती ओळ 'ऊस' म्हणत पुन्हा घेतली. मागून अख्खं सभागृह तेच गाऊ लागलं. रेहाना तर खुर्चीवर चढली. वैजयंताला मात्र हसू आवरेना, त्यामुळे तिला गाताच आलं नाही.