उष्टा घोट

एकनाथ तोडकरच्या हातात पेला येताच त्याच्या कडेला हिरवा दिवा लागला. नव्या कायद्याने पेठेतल्या या एका रस्त्यावर उघड्यावर प्यायची मोकळीक दिली होती. पण सरकार कधी नुसतं देत नाही. पेला सरकारीच हवा, आणि तो रहिवासी परवाना दाखवल्याशिवाय मिळत नसे.

“मुलगी झाली आणि कोरडाच बसणार?” त्याने बिरजूला विचारलं. बारा वर्षं दोघं जोडीने फरश्या बसवत होते, एकाच डब्यातलं खात होते.

“दादा, तुला माहितीय ना, माझा परवाना संपलाय. मला पेला कोण देणार?”

“मग माझ्यातला घे की! आपल्यात कसलं आलंय उष्टं-खरकटं?”

बिरजूने हसत एक घोट घेतला. पेल्याने परकी लाळ ओळखली आणि दिवा लाल झाला.

काही कळायच्या आत शिपायांनी बिरजूचे दंड धरले. “अरे, मीच पाजली त्याला!” एकनाथ ओरडत राहिला. तेवढ्यात पेल्यावर अक्षरं उमटली : ‘बेकायदा परप्रांतीय पकडून दिल्याबद्दल आभार. पुढचा पेला सरकारतर्फे.’

बिरजूने ती वाचली.

“घ्या, तोडकरसाहेब,” तो मान खाली घालून म्हणाला. “तुम्ही घ्या.”