भाऊजींचं नेटवर्क

ताईच्या नवऱ्याने घरातल्या कपाटावर जुना कॉम्प्युटर चढवून स्वतःचं सोशल नेटवर्क काढलं होतं. आम्ही नातेवाईक भिडेखातर त्यावर होतो. तिथून मोठ्या कंपनीच्या ॲपवर निरोप जात नसे, म्हणून बाहेरचं कुणी तिकडे फिरकत नव्हतं. आणि आपण निघालो तर भाऊजींशी बोलणं तुटेल, म्हणून आम्हालाही निघता येत नव्हतं.

भाऊजी इरेला पेटले. त्यांनी सह्या गोळा केल्या, मोर्चात फलक धरला, मंत्र्यांच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी कायदा झाला: कुठल्याही नेटवर्कवरचा निरोप दुसऱ्या कुठल्याही नेटवर्कवर पोचलाच पाहिजे.

"आता बघ, कशी रीघ लागते ते," भाऊजी मला म्हणाले.

रीघ लागली, पण बाहेर जाणाऱ्यांची. आठवड्याभरात आम्ही सगळे मोठ्या ॲपवर पोचलो. भाऊजी तरी डगमगले नाहीत, कारण ताई अजून त्यांच्याकडेच होती.



मग एका सकाळी त्यांना ताईचा निरोप आला: "अहो, तुमचा कायदा मस्त चालतो हं. मीसुद्धा इकडे आले, तरी निरोप पोचला ना?"