कानात कोण बोलतं

नवऱ्याने सगळी हयात टॅक्सी चालवली होती. फोनवर नकाशा लावून गाडी हाकणाऱ्या पोरांची तो यथेच्छ टिंगल करायचा. "रस्ता डोक्यात असावा लागतो, खिशात नाही," हे त्याचं पेटंट वाक्य. हल्ली मात्र मुलाने दिलेलं इवलंसं यंत्र कानात खुपसून स्वारी रोज संध्याकाळी एकटीच फिरायला निघायची. बायको बरोबर येते म्हणाली, की काहीतरी सबब तयार.

"अहो, कोण बोलतं तुमच्या कानात?"

"बातम्या ऐकतो."

"बातम्यांना कुणी अशी मान डोलावतं का?"

धाकट्या बहिणीने फोनवर आगीत तेल ओतलं. "ताई, तुझं पाखरू उडायच्या बेतात आहे बघ."

त्या संध्याकाळी बायको थोडं अंतर ठेवून त्याच्या मागे गेली. तो बागेला एक फेरी मारून परतला आणि घराजवळच्या कोपऱ्यावर येऊन थबकला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, जणू कुणाची वाट पाहत होता. मग कानावर बोट दाबून हलकेच म्हणाला, "हं, सांग."

आता मात्र तिला राहवेना. ती तरातरा पुढे गेली, त्याच्या कानातलं यंत्र ओढलं आणि स्वतःच्या कानाला लावलं.



"डावीकडे वळा," आतली बाई शांतपणे सांगत होती, "पन्नास मीटरवर तुमचं घर आहे."