तीनशे बारा कंपन्यांना नकार

घरातल्या एकुलत्या संगणकावरच्या जाहिराती सासऱ्यांनी बंद केल्या आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पेपर उघडला. त्याच संगणकावर सून गुपचूप क्रेन चालवायचा कोर्स शोधत होती. प्रवेश मिळेपर्यंत तिला चर्चा नको होती. पण जाहिराती चुगलखोर. सासूबाई विणकामाचे नमुने बघायला बसल्या, तर समोर क्रेनचालकाचं पिवळं हेल्मेट. “अहो, हा मला हेल्मेट का दाखवतोय? मी कुठे पडणार आहे?” निवृत्त पोस्टमन असलेल्या सासऱ्यांना कळलं, सुनेचं पाकीट वाटेतच फुटलंय. त्यांनी जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर बसवला, तीनशे बारा कंपन्यांच्या पाळत ठेवणाऱ्या कुकीज एकेक करून नाकारल्या. संध्याकाळी जाहिराती गायब झालेल्या पाहून सून चाचरत म्हणाली, “बाबा, काही वाचलंत?” “पोस्टमन पत्ता वाचतो, मजकूर नाही,” ते ताठ मानेनं म्हणाले. मग कंपन्यांना लिहिलं: “आमच्या सूनबाईंविषयी समजलेले सर्व विसरून, विसरल्याची पोचपावती पाठवावी.”